कोमोदोरोचा माणूस

“रविवारी चिलीला तीन गोलांनी लोळवलं नाही, तर मी मिशी उतरवीन,” लुदुएन्या म्हणाला आणि त्याने कोकराच्या बरगडीवरचं मांस दातांनी ओढून काढलं.

रिओ गायेगोसच्या त्या क्लबच्या कँटीनमध्ये शुक्रवारच्या दुपारी दुसरा विषयच नव्हता. अंतिम सामना, अर्जेंटिना आणि चिली. बाहेर वारा छपराचे पत्रे उचकटायला बघत होता, पण आतल्या कालव्यात तोही ऐकू येत नव्हता.

एलिसेओ बार्रिआ समोर बसून पाव कुस्करत होता. वय चौऱ्याहत्तर. त्याचा नातू आरिएल याचं मार्चमध्ये लग्न होतं आणि लुदुएन्या हा मुलीचा बाप. दोन महिन्यांपूर्वीच उत्तरेहून, कोर्दोबाहून इकडे राहायला आलेला. व्याही आज पहिल्यांदा भेटत होते. एलिसेओचा पत्त्यांतला जोडीदार वेरा, कुणी बोलावलं नसताना, खुर्ची ओढून चौथा बसला होता.

“तीन कसले?” आरिएल म्हणाला. “त्यांचा गोलकीपर बघितलात का? एक-शून्य झालं तरी खूप झालं.”

“गोलकीपर काय करणार? अरे, तो देश आहे की लांबट फळी? जोरात लाथ मारली की चेंडू थेट समुद्रात!”

शेजारच्या टेबलांवरही हशा पिकला. एलिसेओही हसला. हा विनोद तो पन्नास वर्षं ऐकत होता आणि दर वेळी हसत होता.

“मागच्या वेळी पेनल्टीवर रडत घरी कोण आलं होतं?” वेरा म्हणाला.

लुदुएन्याने काटा खाली ठेवला. “खेळाचं सोडा हो. मी इंग्रजांशी झालेल्या बेटांवरच्या लढाईत होतो. विसाव्या वर्षी.” त्याने डावा हात टेबलावर पालथा ठेवला. दोन बोटं नव्हती. “ही थंडीने गेली. आणि आमची विमानं कधी उडाली, हे इंग्रजांना कोण कळवत होतं? हेच. शेजारी! म्हणून सांगतो, चिलीचा माणूस माझा उंबरा ओलांडणार नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही.”

एलिसेओची नजर त्या हातावर होती. त्याला खरोखरच वाईट वाटलं.

“तुम्ही गप्पच, व्याही?”

“खेळ आहे,” एलिसेओ म्हणाला. “जो चांगला खेळेल तो जिंकेल.”

लुदुएन्याने मान तिरकी केली. “राग मानू नका, पण तुमच्या बोलण्यात जरा तिकडचा हेल आहे.”

“आजोबा आपल्याच देशातल्या कोमोदोरो शहराचे आहेत,” आरिएल घाईने म्हणाला. “तिकडे सगळे असंच बोलतात. हो ना, आजोबा?”

एलिसेओने नातवाकडे पाहिलं. आई गेल्यापासून या पोराला त्यानेच वाढवलं होतं. चिलीतल्या चिलोए बेटावरचं त्याचं लहानपणीचं घर, बटाट्याची शेतं, भरतीला अंगणापर्यंत येणारं पाणी, हे सगळं ऐकल्याशिवाय आरिएल झोपत नसे. आता तो ताटातलं हाड उगाच इकडून तिकडे सारत होता. वर बघत नव्हता.

वेराचा पेला हातातच राहिला होता. चिलीशी युद्ध पेटायच्या बेतात होतं त्या साली चिलीच्या माणसांना ट्रकमध्ये कोंबून सरहद्दीपार सोडत होते, तेव्हा एलिसेओ एकोणीस दिवस वेराच्या लोकरीच्या गोदामात दडून होता. गल्ल्यावरच्या इर्माबाईलाही ठाऊक होतं. निम्म्या कँटीनला ठाऊक होतं.

“हो,” एलिसेओ म्हणाला. “कोमोदोरोचा.”

“मग झालं तर!” लुदुएन्याने टेबलावर थाप मारली. “मी आपलं उगाच घाबरलो.”

वेरा उठला. टोपी घातली आणि जाता जाता एलिसेओच्या कानाशी वाकला. “तुझी आई नाही हे ऐकायला, तेवढं बरं.” मागे वळून न बघता तो दाराबाहेर पडला.

तेवढ्यात दाराजवळच्या पोरांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. “जो उडी नाही मारणार, तो चिलीचा! जो उडी नाही मारणार, तो चिलीचा!” खुर्च्या मागे सरकल्या, सगळी कँटीन उभी राहून उड्या मारू लागली. लुदुएन्याने एलिसेओचा दंड धरला. “उठा, व्याही!”

“त्यांचा गुडघा दुखतो,” आरिएल म्हणाला. “राहू द्या.”

एलिसेओने लुदुएन्याचा हात झटकला. खुर्चीची पाठ पकडून तो उभा राहिला आणि त्याने उडी मारली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक वेळी दात आवळले जात होते.

“वा!” लुदुएन्या ओरडला. “याला म्हणतात रक्त!”

हळूहळू आरोळ्या विरल्या. माणसं धापा टाकत, हसत खाली बसली, पेले भरू लागली. एलिसेओ थांबला नाही. खुर्चीचे पाय फरशीवर कर्रकर्र वाजत होते. चेहरा पांढराफटक पडला होता. एकेक टेबल गप्प होत गेलं. इर्माबाईने तोंड फिरवलं. लुदुएन्याचं हसू ओठांवरच अडकलं.

“आजोबा, पुरे,” आरिएल हलक्या आवाजात म्हणाला. “बसा ना. झालं आता.”

“थांब रे,” एलिसेओ म्हणाला आणि त्याने पुन्हा उडी मारली. “अजून कुणाचं बघायचं राहिलं असेल.”