टिटवीची बाटली

सिंधुताईंना रांगेत पाहताच ओमप्रकाशनं दुकानाची जाळी अर्धी खाली ओढली.

त्याचंही खरंच होतं. हे सरकारी दारूचं दुकान भिलाईतल्या रुआबांधा वस्तीच्या शाळेशेजारून उठवून बाजारापलीकडे घालवलं होतं ते सिंधुताईंच्याच महिला मंडळानं. तेव्हा त्या ओमप्रकाशच्या दारात ठिय्या देऊन बसल्या होत्या आणि त्याला पोलिसांच्या गाडीतून घर गाठावं लागलं होतं. आज त्या भाजीची पिशवी घेऊन भर दुपारी उभ्या होत्या. पुढची माणसं, आपल्याला तसं काही घ्यायचंच नव्हतं अशा चेहऱ्यानं, एकेक करून पांगली.

"आता काय झालं जी, ताई?" ओमप्रकाश मूळचा मराठी मुलखातल्या आमगावचा, घाबरला की हिंदी सोडून मराठीवर यायचा. "इथं तं शाळा बी नाही, मंदिर बी नाही."

"जाळी वर कर. मले वाइन पायजे."

त्यानं जाळी वर केली, पण डोळे त्यांच्या पिशवीवर. आत मंडळाचा बोर्ड असेल, अशी त्याला अजून शंका होती. मग गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक म्हणून त्यानं एक बाटली पुढे सरकवली.

"ही घ्या. गोड हाय, बायाले आवडते. स्वस्त बी हाय."

"जेवणासंग गोड? मंग सरबतच केलं असतं ना मी."

"मंग ही बाहेरदेशची. पाहुणे येऊन राहिले असन तं हेच ठेवा."

सिंधुताईंनी ती उचलून भोपळा जोखावा तशी हातात जोखली. मग दोन्ही बाटल्यांची लेबलं वाचून पाहिली. "काच जड हाय नुसती. आतमंदी तं तेवढंच हाय. टिटवीवाली हाय का तुह्याजवळ?"

होती. काचेच्या कपाटात, रस्त्याच्या बाजूला, लेबलावर टिटवीचं चित्र असलेली पांढरी वाइन. हात लावला तर बाटली गरम.

"उन्हात उभी करून ठेवली हे. मी लोणचं बी असं ठेवत नाही. मांगची काढ, खोक्यातली."

ओमप्रकाश कुरकुरत आत गेला.

टिटवीवाली वाइन मोनानं केलेली होती. मोना ही सिंधुताईंची एकुलती एक मुलगी, नाशिककडच्या एका वाइनच्या कारखान्यात कामाला. तिनं ती नोकरी धरली तेव्हा, दारू गाळणाऱ्या पोरीनं या घरात पाय ठेवू नये, असं सिंधुताई म्हणाल्या होत्या. मुलगी आईवरच गेलेली, तिनं ठेवला नाही. तिचा फोन यायचा तो बापाला, तेजरामला, आणि तोही गॅलरीत जाऊन बोलायचा. काल जेवताना त्यानं भिंतीला सांगावं तसं सांगितलं की मोनाची टिटवी भिलाईत आली आहे. हिला या अपशकुनी टिटवीशिवाय दुसरा पक्षी सापडला नाही का, असं मनात म्हणत सिंधुताई ताटावरून उठल्या, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांना मुलीची आठवण येत होती. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती कबूल करायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

ओमप्रकाश खोक्यातली बाटली घेऊन आला. "पेपरमंदी गुंडाळून देतो ताई. मांगच्या दारानं निघून जा."

"मांगच्या दारानं कावून? मी का चोरी करून राहिली?"

त्या बाटली घेऊन वळल्या तर समोर स्कूटीवर सरला. मंडळाची सचिव.

"ताई, आंदोलन आहे आणि मला फोन नाही?"

"आंदोलन नाही. घ्यायले आली होती."

सरलानं बाटलीकडे पाहिलं. "कोणासाठी?"

थाप मारायला उत्तम संधी होती. औषधासाठी, तेजरामच्या साहेबासाठी, काहीही खपून गेलं असतं.

"माह्यासाठी. माह्या पोरीनं बनवली."

"पण ताई, तुम्ही अध्यक्ष आहात…"

"मीटिंगमंदी मीच सांगीन सगळ्याइले. दुसरी अध्यक्ष करायची असन तं करा."

सरलानं स्कूटी सुरू केली आणि मागे न पाहता गेली. त्या मंडळासाठी सिंधुताईंनी घरोघर चपला झिजवल्या होत्या, नवऱ्याशी भांडल्या होत्या, मुलगी तोडली होती. त्यांनी पिशवी रस्त्याच्या कडेला टेकवली. मग त्यांनी फोन लावला.

"आई?" मोनाचा आवाज घाबरलेला. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे हायेत. तुही टिटवीवाली घेतली मी. पिशवीत वांगे हायेत. भरीत करू का रस्सा?"

पलीकडे कुठंतरी पाणी सोडल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"भरीत कर," मोना म्हणाली. "बाटली आधी फ्रीजमध्ये चांगली गार होऊ दे. पण आई, तिखट कमी करावं लागेल. नाहीतर वाइनची चवच कळणार नाही."

तिखट सिंधुताईंनी जन्मात कधी कोणासाठी कमी केलं नव्हतं. सासूच्या डोळ्यांतून पाणी यायचं तेव्हा नाही, तेजरामला अल्सर झाला तेव्हाही नाही.

"किती कमी?" त्यांनी विचारलं.