नणंदेची बादली

केमो घेऊन नवरा घरी आला, की त्याच्या चादरी धुवायला धाकटी नणंद हातमोजे चढवून हजर. बायकोने बादलीला नुसता हात लावला तरी तो खेकसायचा, "राहू दे, धाकटी करेल!" तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी काय शेजारीण आहे?

आज ती चादर हिसकावायलाच गेली. "नवरा माझा आहे!"

नणंदेने बादली मागे ओढली. "वहिनी, केमोचं औषध दोन दिवस दादाच्या लघवी-घामातून बाहेर पडतं. अन्नाचं सोंग घेऊन वाढत्या पेशींत शिरतं आणि त्यांना मारतं. गाठीच्या की बाळाच्या, हे त्याला कळत नाही."

"बाळाच्या?" बायकोचा हात थबकला. तिने तर अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दादाने केव्हाच ओळखलंय. तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणून गप्प आहे."