बटणाचा पहारा

दादाने गेमिंग कन्सोलला कंपनीने घातलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलं होतं आणि सहा महिने खपून स्वतः घरी लिहिलेला, म्हणजे ‘होमब्रू’, गेम तो आता त्यात भरत होता. स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचना होती: मध्येच बंद केलात तर कन्सोल कायमचा निकामी होईल. दादाला वीज जाण्याची भीती नव्हती, आईची होती. माणूस खोलीतून उठला की आई भिंतीवरचं बटण बंद करते. कधी कधी तर तो नुसता चुळबुळला तरी.

म्हणून दादा बटणांच्या बोर्डाला पाठ टेकून पहाऱ्याला बसला. आई डोकावलीच.

"आई, बटणाला हात लावायचा नाही."

"कळलं रे."

"तिकडे बघायचंसुद्धा नाही."

"मी काय शत्रू आहे का तुझी? बसते इथे हाताची घडी घालून. मला सांगतोय! स्वतः जन्मात एक तरी बटण बंद केलंयस का?"

आणि ती खरंच बसली. स्क्रीनवरची पट्टी सरकत सरकत टोकाला आली. तासभर दादाच्या डोक्यात बटण, बटण आणि फक्त बटण. इतक्यात दाराची बेल वाजली. आई उठली तर सवयीने तिचा हात जाणार, या धास्तीने दादा ओरडला, "तू हलू नकोस, मी बघतो!" तो टुणकन उठला आणि जाता जाता त्याचाच हात बोर्डावर गेला. टक्. स्क्रीन काळी.



आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लागलं गं बाई एकदाचं वळण कार्ट्याला, आणि तेही न सांगता!"