रेडिएटरचं पाणी

थोरला भाऊ गेला तेव्हाही मेकॅनिकनं तोंड दाखवलं नव्हतं; नऊ वर्षांचा अबोला होता. आज भावाची जुनी पिकअप घेऊन वहिनी गॅरेजच्या दारात उभी होती.

“इंजिन तापतं, भावजी. आवाजही येतो. रोज कॅनभर पाणी पितं मेलं.”

त्यानं पाइप, पंप, ऑइल सगळं तपासलं. गळती कुठंच नव्हती, तरी रेडिएटर कोरडा ठणठणीत.

बंद, गार इंजिनावर त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि आतला आवाज ऐकायला त्याची मूठ कानाला लावली. “ओता.”

वहिनीनं पाणी ओतलं. आत कुणीतरी घटाघटा प्यायलं.

“याच गाडीत गेले. भर उन्हात बंद पडली होती,” वहिनी म्हणाली. “तुम्हाला सतरा फोन लावले होते त्यांनी.”

सतराही त्यानं वाजू दिले होते.

कॅन रिकामा झाला. घोट थांबले. मग अगदी कानाशी कुणीतरी धापा टाकत म्हणालं, “उचल की रे.”