चाळीस दिवसांचा वेढा

"ऐक, पण यावर कोणी विश्वास ठेवणार नाही," म्हणत एउतिमियोने कॉफी पुढे ओढली. संगणकावरच्या लढायांच्या खेळात मध्ययुगातला स्पेन उभा करण्यात या निवृत्त पोस्टमनची सात वर्षं गेली होती, आणि तेरुएलच्या डोंगरातलं आपलं खेडंही त्याने हौसेने त्या नकाशात घुसवलं होतं.

"कॉर्दोबाचा खलिफा हत्तीवर बसून आपल्या वेशीशी आला. चाळीस दिवस वेढा. आत चार हजार माणसं आणि खायला नुसती मसूर."

"चार हजार?" बारवाली कासिल्दा पेले पुसत म्हणाली. "आज गावात मला धरून नऊ उरलोय. खेळात तरी गर्दी होऊ दे, बाबा."

"दमले सगळे, पण एकानेही गाव सोडलं नाही," एउतिमियोचा आवाज थकलेला होता. "आणि सरदार मी. मी तर मेलो तरी सोडणार नाही."

 

कासिल्दाने हातातला पेला खाली ठेवला. "हे मात्र खोटं हं. सकाळी तू दारावर 'घर विकणे आहे'ची पाटी ठोकत होतास, तेव्हा ती सरळ धरून मीच उभी होते."