नोवी टार्गचा बाजार

"आई, त्या रांगेत काही नाहीये हो. चला, लोकरीचे मोजे बघू," असं म्हणत वैदेही सासूबाईंना कोपराला धरून उलट दिशेला वळवू लागली.

शामलाताई जागच्या हलल्या नाहीत. "मोजे हॉलंडमध्ये, तुमच्या फेल्डहोवनलाही मिळतात. मला ते धूर दिलेलं चीज बघायचंय."

आता यांना कसं सांगायचं, की तिथे डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून जी बाई चीज विकतेय ना, ती वोयतेकची आई आहे! वैदेहीने तिला फोटोत कितीदा तरी पाहिलं होतं. ती शनिवारी बाजारात बसते, हेही ऐकलं होतं. पण पोलंडच्या डोंगरातल्या एवढ्या अवाढव्य बाजारात ती नेमकी पुढ्यात येईल, असं कुणाला वाटेल?

वैदेहीचा नवरा शैलेंद्र, त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. वोयतेक वैदेहीच्याच ऑफिसात, तिच्याच टीममध्ये. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा तिचं मन केव्हाच हो म्हणून बसलं होतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. "घरी सांगितलंस का?" असं तो विचारायचा आणि ती विषय बदलायची. घरी म्हणजे कुणाला? तिचे आईवडील केव्हाच गेले होते. होत्या त्या एकट्या सासूबाई. "तुझ्याशिवाय आता मला कोण गं?" असं त्या पुण्याहून फोनवर म्हणायच्या, की वैदेही पुण्याच्या हवेचं विचारायला लागायची. ही गोष्ट कळली की हे माणूस आपल्याला कायमचं तुटणार, याची तिला खात्रीच होती. आणि ते तिला सोसणार नव्हतं.

यंदा शामलाताई उन्हाळ्यात राहायला आल्या. वोयतेक एकदा जेवायला आला, 'ऑफिसमधला मित्र' म्हणून. त्याने पिठलं-भाकरी मिटक्या मारत खाल्ली, फोनमधले फोटो दाखवत आपल्या गावच्या बाजाराचं भरभरून कौतुक केलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून शामलाताईंनी घोषा लावला. पवनचक्क्या नकोत, पॅरिस नको, मला तो बाजार दाखव. नाही म्हणायला वैदेही कारण तरी काय देणार? आयंडहोवनहून विमान, क्राकोहून बस, अशा दोघी आल्या. वोयतेकला मात्र तिने ताकास तूर लागू दिली नाही.

आणि सकाळपासून सासूबाईंचं काय चाललंय, हे तिला अजिबात कळत नव्हतं. बाजारात जायचं तर नारायणपेठ नेसल्या होत्या, वर कानांत मोत्यांच्या कुड्या. "अहो आई, भाजीबाजार आहे तो, मुंज नाही," असं वैदेही म्हणाली, तर "असू दे, परक्या गावात नीटनेटकं असावं," म्हणाल्या. बसमध्ये एकेक प्रश्न. बर्फ पडला की रस्ते बंद होतात का? दवाखाना किती लांब? विमानतळावर जायला रात्रीची गाडी असते का? ही बाई इथं प्लॉट घेतेय की काय, असं वैदेहीला वाटायला लागलं.

एवढ्यात शामलाताई ठेल्यापाशी पोचल्यासुद्धा.

"विचार तिला, चीज घरीच करता का?"

"माझ्या फोनची बॅटरी गेलीय, आई." धडधडीत खोटं.

"मग माझ्यावर बोलू." त्यांनी पर्समधून फोन काढला. मराठीतून पोलिश, सगळं तयार होतं. वैदेही बघतच राहिली.

त्या बोलायच्या, फोन पोलिशमध्ये बोलायचा, म्हातारी हसून उत्तर द्यायची आणि फोन ते मराठीत आणायचा. हो, चीज घरचंच. मेंढ्या दिराच्या, वर कुरणात असतात. मुलगे दोन. थोरला इथेच, धाकटा हॉलंडमध्ये इंजिनिअर. वैदेहीने मान खाली घातली.

"सुनेला मेंढ्यांचं करावं लागतं का?"

म्हातारी खो खो हसली. थोरली सून शाळेत शिकवते, ती गोठ्याकडे फिरकतसुद्धा नाही.

"आणि घरात पिणारं कुणी?"

"आई! असं विचारतात का कुणाला?"

"मी कुठे विचारतेय? फोन विचारतोय."

म्हातारी जरा गंभीर झाली. नवरा प्यायचा, तो गेला. मुलगे सणावारी एखादा घोट घेतात, तेवढंच. मग तिने तव्यावर चीजचे काप परतले, वर आंबटगोड जॅम घातला आणि पहिला काप वैदेहीच्या हातात दिला. देताना तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. वोयतेकने हिलाही माझे फोटो दाखवलेत का? हिने ओळखलं का मला? आणि ओळखलं असेल तर गप्प का आहे?  चीज काय लागतंय, ते वैदेहीला कळत नव्हतं.

"चला ना आई, बस चुकेल," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"पुढची मिळेल."

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. म्हातारीने हात पुसले आणि फोनकडे वाकून काहीतरी लांबलचक विचारलं. फोन सावकाश म्हणाला, "तुम्ही चीज घेत नाही. नुसती आमच्या घराची चौकशी करता आहात. का?"

वैदेहीने डोळे मिटले.

शामलाताईंनी पदर सारखा केला. एका हाताने वैदेहीचा हात घट्ट धरला, दुसऱ्या हाताने फोन तोंडाजवळ नेला आणि एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या,

"आमच्यात घर बघितल्याशिवाय मुलगी देत नाहीत हो. वोयतेकचं घर इथून किती लांब आहे?"