सावेंचा ओव्हन

"सावेसाहेब, परत सरकलात!" चिपळूणहून खातूबाई रेडिओवर कडाडल्या. "बदकासारखा आवाज येतोय. आता तरी माझ्यासारखा विकतचा सेट घ्या!"

हौशी रेडिओवाल्यांच्या रोजच्या गप्पांत सावेंची अशी शोभा ठरलेली. त्यांनी स्वतः बांधलेला सेट जरा गार-गरम झाला की फ्रिक्वेन्सी जागेवरून सरकायची. पण विकतचा आणायचा म्हणजे नाक कापून घ्यायचं.

एकदा एक भटकी मांजर सेटच्या उबदार पेटीवर येऊन झोपली. तिला हाकलायला सावेंनी वर्तमानपत्र उगारलं आणि तसेच थबकले. फ्रिक्वेन्सीचे आकडे जागचे हलत नव्हते! मांजरीच्या अंगाखाली पेटी एकसारखी उबदार राहिली होती. त्या दिवसापासून मांजरीला बशीभर दूध सुरू झालं.

"काय जादू केलीत?" खातूबाईंनी विचारलं.

"आत ऊब कायम ठेवणारा छोटा ओव्हन बसवलाय. परदेशी आहे," सावेंनी ठोकून दिलं.

महिनाभर त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता. मग एका सकाळी मांजर पेटीवर आलीच नाही. सावे बोलता बोलता सरकू लागले, आणि मागच्या कपाटातलं म्याँव म्याँव माइकमधून थेट चिपळूणला पोचलं.

"सावेसाहेब, तुमचा ओव्हन ओरडतोय का हो?"

सावेंनी कपाटात डोकावून पाहिलं. मग मुकाट्याने माइक उचलला. "ओव्हनला तीन पिल्लं झालीत."

सगळीकडे हशा पिकला. तो ओसरल्यावर खातूबाई हळूच म्हणाल्या, "एक माझ्यासाठी ठेवा. विकतचाही सरकतो हो."